विश्लेषण : मनावरचा ताण त्वचेवर का उमटतो? खान्देशच्या उन्हात हा त्रास का वाढतो?

फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, मेमध्ये ‘नीट’, मग निकाल आणि प्रवेशाची धावपळ. त्याच सुमारास शेतकऱ्याच्या घरी बियाणे, खते आणि पीककर्जाची जुळवाजुळव सुरू असते. रावेर-यावलच्या पट्ट्यात मे-जूनमधील वादळी वारा उभी केळीची बाग तासाभरात आडवी करून जातो. जळगाव, भुसावळ आणि धुळ्यात पाराही याच काळात चढतो. भुसावळ परिसरात तर तो ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. खान्देशात ताणाचे आणि उन्हाचे दिवस असे एकदमच येतात.

मग कोणाच्या चेहऱ्यावर मुरुम उठतात, कोणाच्या कंगव्यात केसांचा पुंजका येतो, कोणाला रात्रभर खाज सुटते. घरात त्याला ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय’ असे म्हटले जाते आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एखादी ट्यूब आणली जाते. यातील किती त्रास उन्हाचा, किती ताणाचा आणि किती त्या ट्यूबचा, हे मात्र कोणी तपासत नाही. ताण आणि त्वचा यांचा संबंध नेमका कसा आहे, विज्ञानाने काय मोजले आहे आणि उपचार कुठे मिळतात, ते समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

• ताणामुळे त्वचेचे संरक्षक आवरण सावरायला वेळ लागतो, जखमा उशिरा भरतात आणि मुरुम, इसब, सोरायसिस यांसारखे आजार उसळी घेतात.
• ताणामुळे होणारी केसगळती बहुतेकदा दोन-तीन महिन्यांनी दिसते आणि बऱ्याचदा आपोआप थांबते.
• प्रत्येक पुरळ किंवा खाज ताणामुळे नसते. नायटा, गाजर गवताची अ‍ॅलर्जी, थायरॉइडचे विकार हेही तपासावे लागते.
• डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतलेली स्टेरॉइडयुक्त क्रीम हा या सगळ्यातला मोठा धोका आहे.

त्वचा आणि मन यांचा संबंध येतोच कुठून?

गर्भ तयार होताना त्याचे तीन थर असतात. त्यातील सर्वांत बाहेरच्या थरापासून मेंदू आणि मज्जासंस्था तयार होते. त्वचेचा वरचा थरही त्याच थरापासून बनतो. म्हणजे मेंदू आणि त्वचा यांचे मूळ एकच आहे. पुढे आयुष्यभर त्वचेत मज्जातंतूंचे दाट जाळे राहते. लाज वाटली की चेहरा लाल होतो, भीती वाटली की अंगावर काटा येतो, मुलाखतीआधी तळहात घामेजतात. हे सगळे सेकंदांत घडते, कारण मेंदूचा संदेश थेट त्वचेतील रक्तवाहिन्या, केसांच्या मुळाशी असलेले स्नायू आणि घामाच्या ग्रंथींपर्यंत पोहोचतो.

थोड्या वेळाचा ताण शरीर सहज पचवते. पेपर संपला, मुलाखत झाली की चेहरा पूर्ववत होतो. अडचण सुरू होते ती ताण आठवडे आणि महिने टिकला की.

ताण आल्यावर शरीरात नेमके काय होते?

संकटाची जाणीव होताच मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग एक रासायनिक संदेश सोडतो. तो पिट्यूटरी ग्रंथीला मिळतो. ती दुसरा संदेश रक्तातून मूत्रपिंडावर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीकडे पाठवते आणि ही ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करते. रक्तातील कॉर्टिसॉल पुरेसे वाढले की मेंदूला तशी सूचना जाते आणि पहिला संदेश थांबतो. घरातील फ्रिज ठरावीक थंडावा आला की आपोआप बंद होतो, तशीच ही व्यवस्था आहे. सततच्या ताणात मात्र फ्रिजचे दार उघडे राहिल्यासारखे होते. यंत्रणा बंद पडत नाही, चालूच राहते.

याचे त्वचेवर चार मोठे परिणाम होतात.

पहिला परिणाम आवरणावर. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. दीर्घकाळ वाढलेले कॉर्टिसॉल हे सिमेंट तयार होण्याचा वेग कमी करते. भिंतीला बारीक फटी पडतात, आतील ओलावा उडून जातो आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरू लागतात. त्वचा कोरडी पडते, चुरचुरते.

दुसरा परिणाम दाहावर. ताणात त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांतून काही रसायने बाहेर पडतात. ती तेथील मास्ट पेशींना चेतवतात. या पेशींत हिस्टामिन साठवलेले असते. ते बाहेर आले की खाज, लाली आणि सूज येते. ताणाच्या दिवसांत अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, त्यामागे ही साखळी असते.

तिसरा परिणाम तेलग्रंथींवर. या ग्रंथींच्या पेशींना ताणाचे रासायनिक संदेश थेट ओळखता येतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. चौथा परिणाम दुरुस्तीवर. जखम भरण्यासाठी लागणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी ताणात उशिरा आणि कमी प्रमाणात कामाला लागतात.

हे खरेच मोजले गेले आहे का?

होय. त्यातील बरेच प्रयोग विद्यार्थ्यांवरच झाले आहेत, कारण परीक्षा हा असा ताण आहे ज्याची तारीख आधीच ठरलेली असते.

अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वैद्यकीय, दंतवैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्राचे २७ विद्यार्थी होते. त्यांच्या त्वचेला चिकटपट्टी लावून ती ओढून वरचा थर हलका काढण्यात आला आणि तो किती वेळात सावरतो हे पाहिले गेले. हीच चाचणी सुट्टीनंतर आणि परीक्षेच्या काळात, अशी वेगवेगळ्या वेळी झाली. परीक्षेच्या दिवसांत त्वचा सावरायला जास्त वेळ लागला.

जखमांबाबतचा १९९५ चा अभ्यास अधिक बोलका आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या १३ महिला आणि त्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या १३ महिला यांच्या हातावर सारख्याच आकाराची छोटी जखम करण्यात आली. सेवा करणाऱ्या महिलांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. घरातील आजारी माणसाचे सगळे करणाऱ्या बाईच्या थकव्याला ‘काही होत नाही’ म्हणून बाजूला सारले जाते. शरीर मात्र त्याची नोंद ठेवते.

परीक्षेच्या काळातच मुरुम का उठतात?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये २२ विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांचा ताण परीक्षेत जास्त वाढला, त्यांचे मुरुमही जास्त वाढले. झोप आणि आहारातील फरक हिशेबात घेतल्यावरही हा संबंध टिकला.

‘ताण आला की चेहरा तेलकट होतो आणि म्हणून मुरुम येतात’ हे मात्र अर्धेच खरे आहे. सिंगापूरमध्ये २००७ मध्ये ९४ शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात परीक्षेच्या काळात मुरुमांची तीव्रता वाढली, पण चेहऱ्यावरील तेलाचे प्रमाण लक्षणीय बदलले नाही. म्हणजे केवळ तेल वाढून हा त्रास होत नाही. त्वचेच्या आतील दाह वाढतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्यामुळे दिवसातून पाच-सहा वेळा फेसवॉश लावून चेहरा घासण्याचा उपयोग होत नाही. उलट आधीच कमजोर झालेले आवरण आणखी खरवडले जाते. दोन वेळा सौम्य साबणाने चेहरा धुणे पुरेसे असते.

त्यात सवयींची भर पडते. अभ्यास करताना हनुवटीवर हात ठेवणे, नकळत मुरुम फोडणे, रात्री दोन वाजेपर्यंत जागणे आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढणे. फोडलेल्या मुरुमाचा काळा डाग सावळ्या-गव्हाळ त्वचेवर महिनोन् महिने राहतो. मुरुम आठवड्यात जातो, डाग निकालापर्यंत टिकतो.

आणि शेवभाजी? तिखट आणि मसालेदार खाल्ल्याने मुरुम येतात, याला ठोस पुरावा नाही. साखर आणि मैद्याचे पदार्थ, गोड पेये यांचा मुरुमांशी संबंध दाखवणारे अभ्यास मात्र आहेत. कळण्याची भाकरी आणि भरीत चेहऱ्याच्या वाईटावर नाहीत. रोजचे कोल्ड्रिंक आणि खारी-टोस्ट यांच्याकडे आधी पाहावे.

परीक्षा संपली, तरी केस आता का गळतात?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातील बहुतेक वाढीच्या अवस्थेत आणि थोडे विश्रांतीत असतात. विश्रांतीतील केस साधारण तीन महिन्यांनी गळतो आणि त्या जागी नवा येतो. रोज ५० ते १०० केस गळणे म्हणूनच सामान्य आहे.

मोठा ताण, तीव्र ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा उपासमारीसारखे डाएट यामुळे वाढीतील बरेच केस एकदम विश्रांतीत ढकलले जातात. ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. करोनातून बरे झालेल्या अनेकांना हाच अनुभव आला होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षेने धसका घेतलेल्या मुलीचे केस मे-जूनमध्ये गळू लागले, तर दोष नव्या शाम्पूचा किंवा बोअरवेलच्या पाण्याचाच असेल असे नाही.

दिलासा असा की या प्रकारात केसांची मुळे शाबूत असतात. कारण दूर झाले की बहुतेकांची गळती सहा महिन्यांच्या आत थांबते. मात्र केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच वाढतो, त्यामुळे वेणी पूर्वीसारखी व्हायला वर्षही लागू शकते. याच काळात घाबरून महागडी तेले आणि गोळ्या घेतल्या जातात आणि केस आपोआप थांबल्यावर श्रेय त्यांना मिळते. गळती लांबली तर हिमोग्लोबिन, लोहाचा साठा आणि थायरॉइडची तपासणी आधी करावी. रक्तक्षय असलेल्या मुली-महिलांत लोहाची कमतरता हे केसगळतीचे नेहमीचे कारण आहे.

एकाच जागी रुपयाच्या नाण्याएवढे टक्कल पडणे, म्हणजे चाई, हा वेगळा आजार आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळावर हल्ला करते. ताण त्याला निमित्त ठरू शकतो, पण उपचार त्वचारोगतज्ज्ञांकडूनच घ्यावे लागतात. ताणाने केस पांढरे होतात का, या प्रश्नावर हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांवर प्रयोग केले. तीव्र ताणात केसाला रंग देणाऱ्या मूळ पेशी संपून जातात, असे त्यात दिसले. माणसांत मात्र केस कधी पिकणार यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

जुने आजार उसळी का घेतात?

सोरायसिस, इसब, अंगावर पित्त उठणे, कोड हे आजार केवळ ताणामुळे जन्माला येत नाहीत. त्यामागे आनुवंशिकता आणि प्रतिकारशक्तीतील बिघाड असतो. पण शांत असलेला आजार पुन्हा डोके वर काढतो, तेव्हा आधीच्या काही आठवड्यांत घरात मृत्यू, कर्जाची नोटीस, बदली किंवा भांडण असे काही घडल्याचे अनेक रुग्ण सांगतात.

या आजारांत खाजवणे हे ताणाइतकेच महत्त्वाचे आहे. ताणात खाज वाढते, खाजवल्याने त्वचा सोलवटते, सोलवटलेल्या जागी दाह वाढतो आणि दाहामुळे पुन्हा खाज सुटते. सोरायसिस आणि कोडामध्ये तर जेथे ओरखडा किंवा जखम होते, तेथे नवा चट्टा उमटू शकतो. रात्री खाज जास्त जाणवते, कारण त्या वेळी शरीरातील कॉर्टिसॉल नैसर्गिकरीत्या कमी असते, त्वचा गरम होते आणि दिवसाची कामे नसल्याने लक्ष तेथेच जाते. मग झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशीचा ताण वाढतो.

खान्देशात उन्हाची भर कशी पडते?

घाम हा त्वचेचा मित्र आहे, पण तो वाळून तेथेच राहिला तर त्रास देतो. घामाच्या नलिका बंद झाल्या की घामोळ्या येतात. घामातील क्षारांमुळे इसबाची जागा चुरचुरते. जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली ओल राहिली की नायट्याची बुरशी फोफावते. ज्या गावांत आणि वस्त्यांत नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे उन्हाळ्यात दोनदा अंघोळ करा हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे अवघड असते. अशा वेळी ओल्या कपड्याने घाम पुसून काढणे, घामाने भिजलेला सदरा बदलणे आणि सुती, सैल कपडे घालणे एवढे तरी करता येते.

उन्हाचा दुसरा परिणाम झोपेवर होतो. रात्रीही भिंती तापलेल्या असतील, वीज गेली आणि कूलर बंद पडला, तर झोपेचे खोबरे होते. भुसावळ जंक्शनवरील रेल्वे कर्मचारी, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातील कामगार, रुग्णालयांतील परिचारिका यांना रात्रपाळीनंतर भर दुपारी झोपावे लागते. त्वचेच्या दुरुस्तीचे बरेचसे काम झोपेत होते. ती झोपच तुकड्यांत मिळाली की डोळ्यांखाली काळपटपणा, कोरडेपणा आणि चिडचिड एकत्र दिसतात.

सगळ्याला ताणच जबाबदार आहे का?

नाही. ‘टेन्शनमुळे झाले असेल’ हे वाक्य कधी कधी खरा आजार झाकते. खान्देशात चार गोष्टी आवर्जून तपासायला हव्यात.

• गाजर गवताची अ‍ॅलर्जी : देशात हे गवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदवले गेले आणि आज बांधाबांधावर दिसते. त्याचे कण हवेतून उडून चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या घडीत बसतात. तेथील त्वचा जाड, काळपट होते आणि प्रचंड खाजते. शेतात काम करणाऱ्या मध्यमवयीन माणसाचा हा त्रास ऊन किंवा चिंतेच्या नावावर खपतो.
• फवारणीची रसायने : कपाशीवर फवारणी केल्यानंतर हातावर, मांडीवर किंवा पाठीवर पुरळ उठले, तर ते संपर्कामुळे झालेले असू शकते.
• नायटा : गोल, कडेने लालसर, पसरत जाणारा आणि घरात इतरांनाही होणारा चट्टा बहुधा बुरशीचा असतो.
• बधिर चट्टा : फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श जाणवत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेत घेतले तर आजार पूर्ण बरा होतो.

मुलींमध्ये मुरुमांसोबत पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील, तर संप्रेरकांची तपासणी गरजेची असते.

मेडिकलमधून आणलेली ट्यूब इतकी धोकादायक का?

कारण त्यातील अनेकांमध्ये बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन अशी स्टेरॉइड असतात. डॉक्टरांनी योग्य आजारावर, ठरावीक दिवसांसाठी दिली तर ती उपयुक्त औषधे आहेत. नायट्यावर मात्र ती खाज दाबतात आणि बुरशीला मोकळे रान देतात. आठवडाभर बरे वाटते, मग चट्टा दुप्पट पसरतो आणि त्याचे रूपही बदलते. पुढे डॉक्टरांनाही तो ओळखायला अवघड जातो.

चेहऱ्यावर हाच प्रयोग ‘गोरे होण्यासाठी’ केला जातो. पहिले काही दिवस चेहरा उजळतो. नंतर त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरुम आणि लव वाढते. क्रीम बंद केली की आग होते, म्हणून पुन्हा लावली जाते. देशातील १२ केंद्रांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे सुमारे १५ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीची मिळणारी सवलत काढून घेतली. तरीही कोणाला तरी लागू पडलेली ट्यूब शेजाऱ्यापाजाऱ्यांत फिरत राहते.

लेबल नसलेल्या क्रीमचा धोका आणखी वेगळा आहे. विदर्भातील अकोल्यात एका कुटुंबातील आई आणि दोन मुलींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे प्रकरण २०२३ च्या सुरुवातीला समोर आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासात त्यांच्या वापरातील क्रीममध्ये पाऱ्याचे प्रमाण मोठे असल्याचे दिसले. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो.

अनेक महिने स्टेरॉइड लावत असाल तर ते एकदम बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञ ते टप्प्याटप्प्याने कमी करून देतात.

त्वचेमुळेही ताण वाढतो का?

वाढतो आणि इथेच हे चक्र पूर्ण होते. युरोपातील १३ देशांत साडेतीन हजारांहून अधिक त्वचारुग्णांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यात नैराश्याचे प्रमाण १०.१ टक्के होते. त्वचारोग नसलेल्यांत ते ४.३ टक्के होते.

आपल्याकडे त्यात समाजाची नजर मिसळते. स्थळ पाहायला येणार म्हणून चेहऱ्यावरचा डाग ‘लग्नाआधी घालवा’ असा लकडा लागतो. कोड असलेल्या मुलीला हळदी-कुंकवाला बोलावताना कुजबुज होते. सोरायसिसच्या रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवला जातो. कोड आणि सोरायसिस दोन्ही स्पर्शाने पसरत नाहीत. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने, लग्न केल्याने ते दुसऱ्याला होत नाहीत. ज्या घरात हे एकदा समजते, त्या घरातील रुग्णाच्या उपचारांचा निम्मा भार तेथेच हलका होतो.

‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून काम भागत नसेल, तर काय करावे?

हा सल्ला देणाऱ्याला सोपा असतो. कर्ज, निकाल किंवा घरातील आजारपण सल्ल्याने संपत नाही. पण ताणाचा शरीरावर होणारा परिणाम कमी करता येतो.

अमेरिकेतील एका अभ्यासात (१९९८) प्रकाशोपचार घेणाऱ्या सोरायसिसच्या ३७ रुग्णांपैकी काहींना उपचारादरम्यान ध्यानाच्या सूचनांची ध्वनिफीत ऐकवण्यात आली. त्यांचे चट्टे इतरांपेक्षा लवकर साफ झाले. येथे ध्यान हे औषधाऐवजी नव्हते, औषधासोबत होते. तोच धडा घ्यायला हवा.

• झोपेची वेळ ठरवा. रात्रपाळी असेल तर खोलीत अंधार करा आणि मोबाइल दुसरीकडे ठेवा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून जे मिळते, त्यापेक्षा जास्त झोपेअभावी जाते.
• रोज अर्धा तास चाला. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत किंवा सूर्यास्तानंतर. त्यानंतर घाम पुसून कपडे बदला.
• अंघोळ कोमट किंवा साध्या पाण्याने, थोडक्यात उरका. अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. अंगाच्या कोरड्या त्वचेला खोबरेल तेल चालते. मुरुम असलेल्या चेहऱ्याला मात्र तेल लावू नका.
• खाज आली की नखांऐवजी थंड ओले फडके त्या जागी ठेवा. नखे कापलेली ठेवा.
• लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा चेहऱ्यावर लावू नका. त्याने भाजल्यासारखे डाग पडतात.
• बाहेर पडताना रुमाल, टोपी किंवा ओढणी वापरा. डाग असतील तर सनस्क्रीनही लावा, नाहीतर उन्हाने ते अधिक गडद होतात.
• त्रास कधी वाढतो याची नोंद मोबाइलमध्ये ठेवा. तारीख, झोप, खाणे, घडलेली घटना आणि एक फोटो. दोन महिन्यांची अशी नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात. मुरुमांच्या उपचारांचा फरकही सहा ते आठ आठवड्यांनी दिसतो. चार दिवसांत डॉक्टर आणि आठ दिवसांत क्रीम बदलणाऱ्याच्या हाती म्हणूनच काही लागत नाही.

डॉक्टरांकडे कधी आणि कुठे जावे?

खाजेमुळे झोप मोडत असेल, चट्टे पसरत असतील, मुरुमांचे खड्डे पडत असतील, केसगळती सहा महिन्यांहून जास्त टिकली असेल किंवा चट्टा बधिर असेल तर थांबू नका. पित्ताच्या गांधींसोबत ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला, तर ती तातडीची स्थिती आहे. लगेच १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय या दोन्ही ठिकाणी त्वचारोग आणि मनोविकार असे दोन्ही विभाग आहेत. एकाच आवारात दोन्ही तज्ज्ञ मिळतात. या विषयात नेमकी हीच सोय हवी असते. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. ‘पिवळी-निळी ट्यूब होती’ एवढ्यावरून औषध ओळखता येत नाही.

मनावरचे ओझे पेलवत नसेल, रडू येत असेल, भूक-झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या केंद्र सरकारच्या या सेवेत मराठीतून बोलता येते. त्यासाठी आधी चेहऱ्यावरचे डाग किंवा गळणारे केस दाखवावे लागत नाहीत. नुसते ‘झोप लागत नाही’ एवढे सांगितले तरी बोलणे सुरू होते.